गाडी तीन तास लेट, टीडीआर भरला, तरी पैसे नाहीत. चुकलं कोणाचं?

डोंबिवलीचा_बंड्या
नमस्कार मंडळी. गणपती आटोपून गावाहून परत येतानाची गोष्ट. आम्ही चौघं: आई, बाबा, बायको आणि मी. सिंधुदुर्गातल्या आमच्या स्टेशनवरून थ्री एसीची चार कन्फर्म तिकिटं, गाडी दक्षिणेकडून येणारी. नाव सांगत नाही, सगळ्या बहिणी सारख्याच. वेळ रात्री सव्वानऊची. साडेसातला ॲपवर पाहिलं तर उशीर ३ तास २० मिनिटं. स्टेशनवर पत्र्याची एक शेड, वरून पाऊस, बाबांचे गुडघे. तेवढ्यात वाडीतल्या पोरांचा टेम्पो ट्रॅव्हलर मुंबईला निघत होता, चार सीट रिकाम्या. चढलो.

तीन तासांवर उशीर झाला आणि आपण प्रवास केला नाही तर पूर्ण पैसे परत मिळतात, एवढं मला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी घरी पोचलो, अंघोळ केली, चहा घेतला आणि टीडीआर, म्हणजे पैसे परत मागायचा अर्ज, भरला. काल उत्तर आलं: नामंजूर.

आता सांगा, अडलं कुठे? आणि दाद मागायची कोणाकडे? बाबांचा प्रश्न वेगळाच आहे. ते विचारतात, नियम तीन तासांचाच का? दोन तास एकोणसाठ मिनिटं थांबलेल्या माणसाचे गुडघे दुखत नाहीत का?

टवाळ_टोणगा
बाबांच्या गुडघ्यांना +१. पॉपकॉर्न घेऊन बसलोय. गाडी लेट आहे, पॉपकॉर्न आधी संपणार.

खिडकी_नंबर_सात
बंडोपंत, तुमचं अडलं ते "चहा घेतला" या दोन शब्दांत. निम्मं आयुष्य बुकिंगच्या खिडकीमागे काढलंय, म्हणून सांगतो. उशिराच्या कारणासाठी ई-तिकिटाचा टीडीआर गाडी तुमच्या चढायच्या स्टेशनातून सुटायच्या आत भरावा लागतो. वेळापत्रकातल्या वेळेच्या आत नव्हे, ती खरोखर सुटते त्याच्या आत. म्हणजे तुमच्याकडे साडेसातपासून पार मध्यरात्रीपर्यंत सवड होती. ट्रॅव्हलरमध्ये बसल्याबसल्या दोन मिनिटांचं काम. खिडकीवरच्या छापील तिकिटालाही हेच लागू: गाडी सुटायच्या आत तिकीट खिडकीवर परत द्यायचं.

लोक चिडायचे, पण यामागचं कारण साधं आहे. गाडी निघून गेल्यावर "आम्ही चढलोच नव्हतो" असं कोणीही म्हणेल.

आणखी एक. उशीर मोजतात तो तुमच्या स्टेशनातला, आणि तोही प्रत्यक्ष झालेला. ॲप साडेसातला दाखवतं तो अंदाज. गाडी तुमच्या स्टेशनातून नेमकी किती वाजता सुटली, पाहिलंत का?

अवांतर: टीडीआर म्हणजे टिकेट डिपॉझिट रिसीट. पूर्वी खिडकीवर लगेच परतावा देता आला नाही की आम्ही तिकीट ठेवून घ्यायचो आणि त्याची पावती द्यायचो. ती पावती जोडून मुख्यालयाकडे अर्ज करायचा. आता ना तिकीट ठेवायला आहे ना पावती द्यायला, नाव मात्र तेच राहिलं.

डोंबिवलीचा_बंड्या
काका, सुटायची वेळ नाही पाहिली. पण ३.२० चा स्क्रीनशॉट आहे माझ्याकडे.

खिडकी_नंबर_सात
स्क्रीनशॉट अंदाजाचाच आहे हो.

सुमेधा_सातारकर
माझी चूक याच्या बरोबर उलटी. दोन वर्षांपूर्वी जुलैत धो धो पाऊस, रूळ पाण्याखाली, टीव्हीवर तेच चाललेलं. म्हटलं आता गाडी जात नाही, तर संध्याकाळी शहाणपणा करून मीच तिकिटं रद्द केली. रात्री दहाला रेल्वेनेच गाडी रद्द केली. शेजारच्या काकूंची तिकिटं त्याच गाडीची. त्या बिचाऱ्या मोबाईलला हातसुद्धा लावत नाहीत, त्यांच्या खात्यात पूर्ण भाडं आपोआप आलं. माझे मात्र रद्द करण्याचे कापलेले गेले ते गेलेच. काकू अजून भेटल्या की विचारतात, "मग, काही नवीन बटण दाबलंस का?"

खिडकी_नंबर_सात
सुमेधाताई, हे तर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवायला हवं. गाडी रद्द व्हायची चिन्हं असतील तर आपण होऊन तिकीट रद्द करू नका. रेल्वेने गाडी पूर्ण रद्द केली की ई-तिकिटाचे पैसे आपोआप येतात, टीडीआरही लागत नाही. छापील तिकीट असेल तर गाडीच्या ठरलेल्या दिवसापासून तीन दिवसांत खिडकीवर जायचं. फक्त ऑनलाईन बुकिंगची कन्व्हीनियन्स फी परत येत नाही, गाडी रद्द झाली तरी.

टवाळ_टोणगा
कन्व्हीनियन्स नक्की कोणाचा, ते आज कळलं.

नागपुरी_संत्रं
भाऊ, आमच्याकडं हे दरवर्षीचं. डिसेंबर-जानेवारीत वरती धुकं पडलं की दिल्लीकडून येणाऱ्या गाड्या नागपूरला आठ-आठ, दहा-दहा तास उशिरा. मी चेन्नईला जायला निघालो होतो. गाडी सात तास लेट. स्टेशनवर गेलोच नाही, घरूनच टीडीआर भरला, कारण निवडलं "गाडी तीन तासांहून जास्त उशिरा, प्रवास केला नाही" आणि रजई ओढून झोपलो. सव्वा महिन्यानं सगळे पैसे आले. काहून नाही येणार, नियम पाळला तर येतेत.

पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. टीडीआर भरला की जायचा विचार सोडायचा. आमच्या मित्रानं टीडीआरही भरला आणि नंतर गाडी आली तेव्हा चढलाही. त्याचं पुढं काय झालं ते इथं सांगत नाही, त्याची बायको हा धागा वाचते.

मालवणी_मसालो
गाडी लेट नाय तर ती आमची गाडीच नाय! आमच्या वेळेक लाल एसटी होती, रात्रभर कमरेचो चुरो व्हायचो, पण टीडीआर मागूक कोण गेलो नाय.

रुळावरचा_माणूस
मी जरा उलट्या बाजूने बोलतो, दगड जपून मारा.

कोकण रेल्वे म्हणजे रोहा ते ठोकूर. २०२१ मध्ये रोहा ते वीर दुहेरी झाली, बाकी बहुतेक एकेरीच. समोरून गाडी यायची तर आपण कुठल्या तरी स्टेशनात बाजूला उभं राहायचं. एक गाडी अडली की मागच्या-पुढच्या सगळ्यांचं क्रॉसिंग विस्कटतं. त्यात पावसाळी वेळापत्रकात वेग कमी ठेवतात, आणि तो आपल्याच जिवासाठी. जुलै २०२४ आठवा. आधी पेडण्याच्या बोगद्यात पाणी आणि चिखल, मग चार-पाच दिवसांत खेडजवळ दिवाणखवटीला दरड. अशा वेळी गाडी थांबवली म्हणून कोणी भरपाई मागितली तर मला ते पटत नाही. रेल्वेमंत्र्यांनी २०२४ मध्ये संसदेत सांगितलं होतं की १०० रुपयांच्या सेवेला प्रवाशाकडून ५४ च घेतले जातात. ५४ रुपयांत आणखी किती हक्क मागायचे?

वेळेवर_वैशाली
@रुळावरचा_माणूस, दरड पडली तर रेल्वेचा दोष नाही, मान्य. पण बंड्यांनी दरडीची भरपाई मागितलीय कुठे? न केलेल्या प्रवासाचं भाडं मागितलंय. आणि सवलतीत तिकीट दिलं म्हणून माझी वेळही सवलतीतली झाली का? रेशनच्या तांदळात खडे निघाले तर गप्प बसायचं, असंच झालं की हे.

रुळावरचा_माणूस
खड्यांची उपमा चांगली आहे, पण भाडं परत आणि भरपाई यात फरक आहे एवढंच म्हणायचंय. धाग्यात दोन्हींची खिचडी होतेय.

अर्धी_वकील
फरक आहे खरा, म्हणून सोडवून सांगते. (वकिली करते, पण रेल्वेची नाही.)

न केलेल्या प्रवासाचं भाडं हा परताव्याचा विषय. २०१५ च्या परतावा नियमांत तो बसतो. ई-तिकीट असलं तरी टीडीआरवर निर्णय रेल्वेचा असतो, आयआरसीटीसी अर्ज पुढे पाठवते. तो नाकारला तर कायद्याने जागा रेल्वे दावा न्यायाधिकरण. १९८७ च्या कायद्याने ते झालं, आपल्याकडे मुंबई आणि नागपूरला खंडपीठं आहेत.

उशिरामुळे झालेलं नुकसान हा वेगळा विषय, तो सेवेतल्या त्रुटीचा, म्हणजे ग्राहक आयोगाचा. इथे सर्वोच्च न्यायालयाचा सप्टेंबर २०२१ चा निकाल वाचण्यासारखा आहे. २०१६ च्या जूनमध्ये एक कुटुंब अजमेर-जम्मू गाडीने निघालं. जम्मूहून दुपारचं श्रीनगरचं विमान होतं. गाडी जवळजवळ चार तास उशिरा पोचली, विमान गेलं, टॅक्सी करून श्रीनगर गाठावं लागलं. रेल्वे म्हणाली, आमच्या कोचिंग टॅरिफच्या (म्हणजे प्रवासी भाड्याच्या) नियमांत गाडी वेळेवर पोचवायची हमीच नाही. न्यायालय म्हणालं, उशीर तुमच्या हाताबाहेरच्या कारणाने झाला हे तुम्ही पुराव्याने दाखवा; नाही दाखवलंत तर भरपाई द्या. टॅक्सीचे १५ हजार, बुकिंगचे १० हजार, शिवाय मनस्ताप आणि दाव्याच्या खर्चाचे ५-५ हजार, हा आदेश कायम राहिला.

म्हणजे रुळावरचे भाऊही बरोबर आहेत. दरड सिद्ध झाली तर रेल्वे सुटते. पण "उशीर झाला खरा, का ते विचारू नका" म्हणून सुटता येत नाही.

वेळेवर_वैशाली
पाच वर्षांनी निकाल. तोवर दल सरोवर किती वेळा गोठून वितळलं असेल.

अर्धी_वकील
हो, आणि रेल्वे प्रत्येक पायरीवर अपिलात गेली. मात्र जिल्हा आयोगात ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येते, मुदत दोन वर्षं. वकील लागतोच असंही नाही. (हे लिहिताना माझाच हात थरथरतोय.)

श्टुटगार्टकर
इकडची गंमत सांगतो. युरोपीय संघाचा नियम असा की मुक्कामी पोचायला ६० मिनिटं उशीर झाला तर तिकिटाचे २५ टक्के, १२० मिनिटं झाला तर ५० टक्के. प्रवास पूर्ण करूनही! जून २०२३ पासून नवे नियम आले, त्यात अतिवादळ वगैरे अपवाद घातले. रकमेची खालची मर्यादा ४ युरो, त्याखाली देत नाहीत. अर्ज फोनवरून होतो.

पण हेवा करू नका. जर्मन रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी २०२४ मध्ये ६२.५ टक्केच वेळेवर होत्या, आणि वेळेवर म्हणजे सहा मिनिटांच्या आत. इथल्या मराठी मंडळात कोणी गणपतीला उशिरा आलं की "गाडी" एवढंच म्हणतं, पुढे काही सांगावं लागत नाही.

टवाळ_टोणगा
सहा मिनिटं? आमच्याकडे सहा मिनिटांत कर्जत लोकल इंडिकेटरवरून गायब होते आणि तिच्या जागी बदलापूर येते. पासाचे २५ टक्के कुठे मागू?

डोंबिवलीचा_बंड्या
@टोणगा, माझ्या जखमेवर मीठ चोळू नकोस.

प्रवासी_पक्षी
भरपाई आपल्याकडेही होती की काही दिवस. लखनौ-दिल्ली आणि मुंबई-अहमदाबाद तेजस आयआरसीटीसी चालवते, त्यांत तासाहून जास्त उशिराला १०० आणि दोन तासांहून जास्त उशिराला २५० रुपये मिळायचे. २०१९ च्या ऑक्टोबरात सुरू झालं, २०२४ च्या फेब्रुवारीत बंद. जानेवारी २०२० मध्ये मुंबईची तेजस उशिरा आली तेव्हा ६०० हून जास्त लोकांना शंभर-शंभर देऊ केले होते. शंभर रुपयांत काय होतं ते सोडा, पण उशिराला किंमत आहे हे कोणीतरी मान्य केलं होतं.

रुळावरचा_माणूस
राजधानी, शताब्दी, दुरांतो दोन तासांहून जास्त लेट झाल्या तर वेळेनुसार चहा, नाश्ता नाही तर जेवण देतात, तेही लिहा. फक्त दोषच नको.

मालवणी_मसालो
जेवणाचा इषय निघालो म्हणान सांगतंय. एका पावसात आमची गाडी रात्रभर एका बारक्या स्टेशनात उभी. पहाटे गावातली बायका-माणसा भाकरी, सुक्या बांगड्याची चटणी आणि काळी चाय घेवन इली. पैशे घेवक तयार नाय. एक गुजराती कुटुंब होता, तेंका कोणीतरी गूळ-पोहे आणून दिले. तसो बांगडो मी परत खाल्लंय नाय.

सुमेधा_सातारकर
२०१९ च्या जुलैत वांगणीला महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली होती, हजाराच्या वर प्रवासी होते. तेव्हाही आजूबाजूचे गावकरी धावले होते. त्यात गरोदर बायका होत्या, सगळे सुखरूप निघाले. तेव्हापासून गाडी उशिरा आली तर मी "आली ना" म्हणते. (आणि मोबाईलला हात लावत नाही.)

नवीन_सभासद_४४
माझा प्रश्न विचारू का? तत्काळ तिकिटालाही तीन तासांचा नियम लागतो का? एजंट म्हणाला, तत्काळचे पैसे बुडालेच समजा.

खिडकी_नंबर_सात
आपण होऊन रद्द केलं तर कन्फर्म तत्काळचं काही परत नाही, हे खरं. पण गाडी तीन तासांवर लेट असली तर तत्काळलाही पूर्ण परतावा. मेख एकच: उशीर तिकिटावर प्रवास जिथून सुरू होतो त्या स्टेशनचा धरतात, बदलून घेतलेल्या चढायच्या स्टेशनचा नाही. मार्ग वळवला आणि तुम्हाला तसं जायचं नसलं तरी परतावा.

नवीन_सभासद_४४
धन्यवाद काका. एजंट बदलतो.

कोल्हापुरी_चप्पल
माझी पुण्याला दिल्लीची गाडी चुकली, पहिली गाडी लेट म्हणून. दोन्ही ई-तिकिटं होती, दुसऱ्याचं काहीच मिळालं नाही.

खिडकी_नंबर_सात
दोन्ही पीएनआर जोडून घेतले होते का? १ एप्रिल २०१९ पासून ती सोय आहे. जोडलेले असतील तर पहिल्या गाडीने उतरल्यापासून तीन तासांत टीडीआर भरायचा, मग न केलेल्या प्रवासाचं भाडं कापणी न होता मिळतं. जोडलेले नसतील तर रेल्वेच्या लेखी ते दोन वेगळे प्रवास.

कोल्हापुरी_चप्पल
जोडायचं असतं हे आत्ता कळतंय. चालू द्या.

वेळेवर_वैशाली
काका, मध्येच गाडी अडली आणि पुढे गेलीच नाही तर? आणि एसी बंद पडला तर?

खिडकी_नंबर_सात
पूर-दरडीमुळे गाडी मध्येच संपवली आणि पुढे न्यायची व्यवस्था रेल्वेने केली नाही, तर संपूर्ण प्रवासाचं भाडं परत. बस वगैरे दिली आणि तुम्हीच नको म्हणालात, तर राहिलेल्या अंतराचंच. एसीचं वेगळं: टीसीकडून गाडीतच दाखला लिहून घ्या, उतरल्यापासून २० तासांत टीडीआर भरा, आणि तो कागद पाठवून द्या. एसी आणि बिगरएसी भाड्यातला फरक मिळतो. दाखला गाडीतच घ्यायचा, उतरल्यावर टीसी काही सापडत नाही. हे अनुभवाचे बोल, नियमाचे नव्हेत.

अर्धी_वकील
बंड्या, तुमच्या मूळ प्रश्नाचं काय? न्यायाधिकरणात जायचा विचार असेल तर काकांनी पहिल्याच दिवशी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आधी काढा. गाडी तुमच्या स्टेशनातून सुटली किती वाजता?

डोंबिवलीचा_बंड्या
तीन दिवसांनी येतोय, माफ करा. पाहिलं. ॲपमध्ये मागच्या फेऱ्यांच्या वेळा सापडल्या.

गाडी आमच्या स्टेशनातून १२ वाजून ५ मिनिटांनी सुटली. सव्वानऊची गाडी. उशीर २ तास ५० मिनिटं.

रुळावरचा_माणूस
तीस मिनिटं भरून काढली! क्रॉसिंग चांगली मिळाली असणार. बघा, शिव्या घालता पण.

टवाळ_टोणगा
देशातली पहिली गाडी, जिच्यावर वेळेच्या जरा जवळ आली म्हणून तक्रार व्हायची.

खिडकी_नंबर_सात
मग टीडीआर वेळेत भरला असता तरी नामंजूरच होता, बंडोपंत. म्हणून मी खिडकीवर लोकांना सांगायचो: साडेतीनच्या आसपासचा उशीर दाखवत असेल तर घाई करू नका. गाडी दोन-तीन स्टेशनं अलीकडे येईपर्यंत थांबा, मग ठरवा. पाच-सहा तास लेट असेल तर खुशाल घरी झोपा.

डोंबिवलीचा_बंड्या
तेच बाबांना सांगितलं. ते पाच मिनिटं काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे शेडमध्ये बसलो असतो तर बर्थवर आडवा होऊन आलो असतो." टेम्पोतल्या पोरांनी पेणपर्यंत बेंजो वाजवला होता, आणि बाबा बरोबर स्पीकरखाली होते.

खिडकी_नंबर_सात
बेंजोचा टीडीआर नसतो.